चर्चा: खान्देशाचा ‘अनुशेष’ म्हणायचं की ‘विषमता’?

तापीकाठ: सभा कोणाचीही असो, ‘खान्देशाचा अनुशेष’ ठरलेलाच. माझी या शब्दाला हरकत आहे. जिल्ह्यांमधला विकासाचा असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालाने तो रुळवला. राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा जितका खाली, तितका त्याचा अनुशेष. म्हणजे रस्ते इतके कमी, सिंचन इतकं कमी. पैसे टाकले की खातं मिटलं. धडगाव-अक्कलकुव्याची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, ते कुठल्या रकान्यात मांडणार? ही विषमता आहे, तसंच म्हणा.

धुळेकर: साफ असहमत. ‘विषमता’ ऐकली की पुढारी मान डोलावतो, चहा पाजतो आणि वाटेला लावतो. ‘अनुशेष’ म्हटलं की रक्कम निघते. समितीने राज्यभराचा मिळून ३,१८६ कोटींचा आकडा काढला, म्हणून विदर्भाला भांडता आलं.

तापीकाठ: विदर्भाला ना? आपल्याला काय मिळालं? १९९४ ला विकास मंडळं झाली ती विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’ अशी. आपण उर्वरित! मुंबई-पुण्याच्या पंगतीत नंदुरबार बसवलं, मग सरासरीत आमची भूक कुणाला दिसणार?

धुळेकर: तो दोष गट पाडणाऱ्यांचा, शब्दाचा नाही. तालुकावार मोजा, सगळं उघडं पडेल.

केळीवाला: तापीकाठ, तुनं म्हननं खरं शे भाऊ, पण तुम्ही दोघं खान्देश एकच धरून चाललात. आमच्या यावल-रावेरात खाली केळीचे मळे, वर सातपुड्यात पाडे. पाड्यावरचा माणूस आमच्याच बागेत रोजाने येतो. त्याचा अनुशेष शासनाकडे असेल, पण मजुरीचा दर आम्ही ठरवतो. त्यामुळे विषमता म्हणताना बोट मुंबईकडेच का? (बागाईतदार मीही आहे, म्हणून बोलतोय.)

तापीकाठ: अगदी हेच. अनुशेषात देणेकरी एकटं सरकार असतं. विषमतेत आपणही येतो, म्हणून तो शब्द कुणाला नको असतो.

सातपुड्याची पोर: तुमच्या वादात तिसराच शब्द बसलाय. २०१८ पासून नंदुरबार ‘आकांक्षित जिल्हा’ आहे, म्हणजे केंद्राने मागास जिल्ह्यांना दिलेलं नवं नाव. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के, आमची ६४. त्याला आकांक्षा म्हणतात होय?

धुळेकर: ‘आकांक्षित’ मलाही पटत नाही, त्यात कुणाचंच देणं दिसत नाही. केळीवाल्यांचा मुद्दाही मान्य. पण मजुरीवर बागाईतदारांशी भांडताना विषमता म्हणा, मंत्रालयात निवेदन देताना मी अनुशेषच लिहिणार, तोही तालुक्याच्या नावासकट.