घासून जाणाऱ्या गाडीचा नंबर टिपायचा कसा? (विजापूर रोड, होटगी रोड)

पायडल_सोलापूर
सोलापुरात विजापूर रोडला सैफुलच्या पुढं आणि होटगी रोडला आसरा चौकानंतर सकाळी सायकलवाल्यांना घासून जाणाऱ्या गाड्यांची तक्रार करायची म्हटलं की गाडीचा नंबर द्यावा लागतो, आणि नेमका तोच हाती लागत नाही. दोन-तीन सेकंदांत नंबरातलं काय लक्षात ठेवायचं? कॅमेऱ्यात प्लेट नुसती पांढरी का येते? आणि "आधी सायकलला नंबर लावा, मग बोला" असं गाडीवाले म्हणतात, त्याला कायद्यात काही आधार आहे का?

एमएच_तेरा
सगळा नंबर वाचायला जाऊ नका. इथं बहुतेक गाड्या एमएच १३ असतात, त्यामुळं पहिले चार डोळ्यांनी टिपायची गरज नाही. वेगळं दिसलं तरच ध्यानात ठेवा: ४५ म्हणजे अकलूज, २५ म्हणजे धाराशिव, केए २८ विजयपूर, केए ३२ कलबुर्गी.

लोक शेवटचे चार आकडे धरतात आणि मधली अक्षरं सोडतात, तिथंच शोध अडतो. एका सीरिजमध्ये, म्हणजे त्याच मधल्या अक्षरांवर, ०००१ ते ९९९९ नंबर बसतात आणि मग सीरिज बदलते, म्हणजे तेच चार आकडे एमएच १३ मध्येच कितीतरी गाड्यांवर असतात. म्हणून आधी अक्षरं, मग आकडे, मग रंग आणि मॉडेल. आकड्यांशी घोळ होऊ नये म्हणून सीरिजमध्ये 'आय' आणि 'ओ' वापरत नाहीत. तुम्हाला 'ओ' दिसला असेल तर तो 'क्यू', 'डी' किंवा 'जी' असणार. तिन्ही लिहून द्या.

आठवेल असं म्हणून थांबू नका, लगेच मोठ्यानं दोनदा म्हणा. कॅमेरा किंवा फोन चालू असेल तर आवाज तरी नोंदला जातो.

२१४ चा 'राम', ४९१२ चा 'पवार' केलेल्या प्लेटा आणि मराठी आकड्यांच्या प्लेटा नियमात बसत नाहीत. अक्षरं इंग्रजी आणि आकडेही इंग्रजीच हवेत. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची आहे. जुन्या दुचाकीला ती ४५० रुपये अधिक जीएसटी इतक्यात बसते, तेव्हा पैशाचं कारण कुणी सांगू नये.

लेन्स_आणि_चाक
एचएसआरपीची फिल्म प्रकाश जिकडून आला तिकडंच परत फेकते. सायकलचा दिवा आणि कॅमेरा हँडलवर शेजारी शेजारी असले की तो सगळा उजेड लेन्समध्ये येतो आणि प्लेट पांढरी होते. कॅमेरा हेल्मेटवर न्या, दिवा खाली झुकवा, एक्स्पोजर उणे १ वर ठेवा. नाइट मोड बंदच ठेवा, त्यात शटर सावकाश होतं आणि आकडे पुसट होतात.

दुसरी अडचण अंतराची. कारच्या प्लेटवरचा आकडा ६५ मिमी उंच, दुचाकीच्या मागचा ४०, पुढचा जेमतेम ३०. १२० अंशांच्या लेन्सनं १०८०पी मध्ये पाच मीटरवरून कारचा आकडा साधारण १२ पिक्सेलचा येतो, दुचाकीचा ७. सात पिक्सेलमध्ये ३ आणि ८ वेगळे ओळखता येत नाहीत. फोर-के ठेवा नाहीतर लेन्सचा कोन अरुंद करा. मागच्या बाजूलाही एक कॅमेरा हवाच.

घटना झाली की रेकॉर्डिंग थांबवा, नाहीतर कार्ड भरल्यावर जुन्यावरच नवं रेकॉर्ड होतं (लूप) आणि तीच फाईल पुसली जाते. कॅमेऱ्याचं घड्याळ आधीच बरोबर लावून ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत पुरावा म्हणून कच्ची, कारण ती दाबलेली असते. मूळ कार्ड जपा. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणं प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यूही लिहितात, म्हणजे फाईलवरून निघणारा ओळखीचा आकडा; फाईल बदलली की तोही बदलतो.

कागदपत्र_सोला
सायकलच्या नंबराला सध्याच्या कायद्यात आधार नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये सायकल मोटार वाहनात मोडत नाही. गाडीच्या नंबरामागं लायसन, कर आणि विमा बांधलेला असतो, आणि हे सगळं आहे कारण तिच्या वजनानं आणि वेगानं माणूस मरतो. एवढ्याचसाठी नंबर दिसणं ही गाडीवाल्याची जबाबदारी आहे.

पण सायकलवाला कायद्याच्या बाहेर नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकार वाहन चालवण्याबद्दल आहे आणि त्यात 'कोणतंही वाहन' असा शब्द आहे.

नंबर नसलेली बॅटरीची स्कूटर दिसली तर ती बेकायदाच असं धरू नका. २५ किमीपेक्षा कमी वेगाची आणि २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची असेल तर तिला नोंदणी लागत नाही. वेग वाढवून घेतलेल्या स्कूटरला मात्र लागते.

पायडल_सोलापूर
गाडी सापडलीच नाही तर?

कागदपत्र_सोला
आधी ११२ वर फोन आणि एफआयआर. शहराची हद्द पोलीस आयुक्तालयाकडं, पुढं सोलापूर ग्रामीण पोलिसांकडं. हद्दीच्या वादात अडकू नका, शून्य क्रमांकानं कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. अज्ञात वाहनाच्या धडकेसाठी २०२२ ची भरपाई योजना आहे: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात.

नंबर मिळाला तर रस्ता वेगळा. सायकलवाला गाडीच्या विम्यात तिसरा पक्ष असतो, म्हणून दावा अपघात दावा न्यायाधिकरणात. मुदत अपघातापासून सहा महिने. विमा चालू आहे का ते एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की कळतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा.

स्टेअरिंगवरून
गाडी चालवणाऱ्याच्या बाजूनंही ऐका. पहाटे मागं लाल दिवा नसलेली सायकल कारच्या उजेडात फार उशिरा दिसते, आणि उलट दिशेनं आलेली तर अंगावरच येते. मागं लाल दिवा, लाल रिफ्लेक्टर आणि पायडलवर पिवळे रिफ्लेक्टर लावा. पायडलचे वरखाली हलतात, त्यामुळं ही सायकल आहे हे लांबून कळतं. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं जाईपर्यंत सायकल पूर्ण कडेला थांबवा. मागची ट्रॉली वळताना आत ओढली जाते, आणि तिथं नंबर वाचायला वेळच मिळत नाही.