जी वन क्लायमॅक्स: गटातल्या लढतींचे आकडेवार प्रीव्ह्यू लिहिताना कुठले आकडे धरायचे?

आकडेबहाद्दर

मंडळी, न्यू जपान या जपानी व्यावसायिक कुस्ती कंपनीच्या जी वन क्लायमॅक्स स्पर्धेतल्या प्रत्येक गट-लढतीचा दीडशे-दोनशे शब्दांचा प्रीव्ह्यू लिहायचा बेत आहे. तक्त्यात सध्या पाच रकाने आहेत: आमनेसामनेचा हिशेब, मागच्या तीन वर्षांतली विजयाची टक्केवारी, लढतीची सरासरी लांबी, शेवटचा डाव आणि एलो रेटिंग (जुन्या निकालांवरून काढलेला ताकदीचा आकडा).

गाडी अडते ती अशी. सरासरी लांबीवरून काहीच बोध होत नाही. बरोबरी अर्धा विजय धरावी की वगळावी, ते ठरत नाही. दुखापतीमुळे कुणी माघार घेतली की सगळ्या गटाचे आकडे फुगतात. एलो तर चॅम्पियनला रोज रात्री मोठा दावेदार दाखवतं आणि रोज रात्री तोंडावर आपटतं. आणि मुळातला प्रश्न: निकाल आधी ठरलेला असताना टक्केवारी छापणं म्हणजे नुसती हवा नाही का? रकाने कुठले ठेवावेत, कुठले उडवावेत, ते जाणकारांनी सांगावं.

---

वीसची_मोजणी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, बाकीच्यांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. निकाल बुकर, म्हणजे कंपनीचा लढती आखणारा माणूस, ठरवतो. म्हणजे तुमचा तक्ता पैलवानाची ताकद मोजत नाही, बुकरच्या सवयी मोजतो. सवयी मोजता येतात, पण रकाने त्या हिशेबाने आखावे लागतात.

सगळ्यात ठळक सवय चॅम्पियनची. तो जी वनमध्ये हरतो, आणि ज्याच्याकडून हरतो त्याच्यासाठी पुढच्या आव्हानाचं दार उघडतं. २०१७ मध्ये ओकादा चॅम्पियन होता. गटात ईव्हिलने त्याला पाडलं आणि ऑक्टोबरमध्ये ईव्हिल त्याच्यासमोर आव्हानवीर म्हणून उभा राहिला. २०१८ मध्ये ओमेगा चॅम्पियन. ६ विजय, ३ पराभव, १२ गुण (विजयाला २, बरोबरीला १). पराभव इशिई, यानो आणि इबुशीकडून. सप्टेंबरमध्ये इशिईला संधी मिळाली, ऑक्टोबरमध्ये इबुशीला (कोडीला धरून तिरंगी). यानोला काही मिळालं नाही, पण यानोला कुठल्याच नियमात बसवू नका. आयडब्ल्यूजीपीचा मुख्य पट्टा, म्हणजे न्यू जपानचा सर्वोच्च किताब, कमरेला असताना जी वन जिंकणारे आजवर दोनच, १९९५ चा मुतो आणि २००० चा सासाकी. एलोला यातलं काही ठाऊक नसतं. वर्षभर जिंकलेला माणूस त्याच्या लेखी सर्वांत वर, म्हणून ते नेमकं उलट्या बाजूला झुकतं. एलो ठेवायचंच असेल तर आधी जुन्या तीन-चार स्पर्धांवर ब्रायर स्कोअर (अंदाज किती चुकले त्याचं माप, कमी तितकं चांगलं) काढून बघा. प्रत्येक लढतीला डोळे मिटून ५०% दिलं तरी स्कोअर ०.२५ येतो. तुमचा त्याच्या वर जात असेल तर रकाना सरळ उडवा.

आता लांबी. सरासरी का फसते याचं १२ ऑगस्ट २०१७ च्या ओमेगा-ओकादा लढतीइतकं चोख उदाहरण दुसरं नाही. त्याआधी त्या वर्षात दोघे दोनदा भिडले होते. ४ जानेवारीला टोकियो डोममध्ये ४६ मिनिटे ४५ सेकंदांत ओकादा जिंकला, ११ जूनला ओसाकात पूर्ण ६० मिनिटं होऊन बरोबरी. सरासरी ५३ मिनिटांच्या वर. आणि गट-लढतीची मर्यादा ३० मिनिटं! तक्ता वाचणारा बेधडक 'बरोबरी' लिहून मोकळा होईल. झालं काय? ओमेगा २४ मिनिटे ४० सेकंदांत जिंकला. पट्ट्याच्या लढती ६० मिनिटांच्या असतात, त्या या रकान्यात येताच कामा नयेत.

बरं, फक्त ३० मिनिटांच्या लढती घेतल्या तरी सरासरी नको, मध्यक घ्या. यानोच्या चार-पाच मिनिटांच्या लढती सरासरी खाली ओढतात. शिवाय वेळ संपून सुटलेली लढत म्हणजे '३० मिनिटं चालली' असं नव्हे, '३० मिनिटांत संपली नाही' असं. ती नोंद वेगळ्या खुणेने ठेवा. यापेक्षाही कामाचा रकाना म्हणजे कार्डावरची, म्हणजे त्या दिवसाच्या लढतींच्या क्रमातली, जागा. पहिल्या लढतीचा मध्यक वेगळा, मेन इव्हेंटचा, म्हणजे शेवटच्या लढतीचा, वेगळा, आणि क्रम आधी जाहीर होतो. तोच पैलवान तिसऱ्या नंबरवर उतरला आणि शेवटी उतरला, तर वेळ जागेप्रमाणे बदलतो.

आमनेसामनेच्या हिशेबात नमुना इतका छोटा असतो की टक्केवारी छापणं अंगाशी येतं. चार लढती, ३-१ म्हणजे ७५% नव्हे. दोन्ही बाजूंना दोन-दोन काल्पनिक विजय घाला: ५ भागिले ८, म्हणजे ६२.५%. बरोबरी या सूत्रात अर्धी धरायला हरकत नाही. प्रीव्ह्यूत मात्र ती अर्धा विजय म्हणून मुळीच लिहू नका, तिची वेगळी गोष्ट असते.

---

काता_एबी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त कच्च्या मालाबद्दल लिहितो, कारण घोळ बहुतेक तिथेच होतो.

शेवटचा डाव: जपानी निकालात 'रेनमेकर → काता एबी गातामे' अशी नोंद असते. बाणाच्या आधी डाव, बाणानंतर पाठ टेकवण्याची पद्धत. नुसता शेवटचा शब्द उचलला तर निम्मी स्पर्धा 'काता एबी गातामे'नेच जिंकली गेली असं दिसेल. मोजायचं ते बाणाच्या आधीचं. पण बाणच नसेल, म्हणजे गुंडाळून चितपट केलं असेल किंवा कुलूप लावून हार कबूल करायला लावली असेल, तर तोच शब्द डाव असतो. रिंगआउट, अपात्रता, पंचांनी थांबवलेली लढत आणि वेळ संपणं, या चौघांना वेगवेगळे संकेत द्या. २०२१ ची अंतिम लढत इबुशीच्या खांद्याला दुखापत झाल्याने पंचांनी थांबवली. ती ओकादाच्या रेनमेकरच्या खात्यात गेली तर तक्ता खोटा.

माघार: न खेळता मिळालेला विजय गुणतक्त्यात २ गुणांचा, पण आमनेसामनेत शून्य लढती. २०२१ मध्ये नाइतो पहिल्याच लढतीत झॅक सेबर ज्युनिअरकडून हरला आणि गुडघ्यामुळे बाहेर पडला. गट दहाचा, म्हणजे उरलेल्या आठांना फुकटचे २ गुण. गंमत अशी की सेबरने ते खेळून मिळवले आणि बाकीच्यांनी बसून, पण नाइतोकडून नऊच्या नऊ जणांना २ गुण गेलेच. म्हणजे शर्यतीत कुणाचा फायदा नाही, कुणाचा तोटा नाही. गडबड फक्त विजयाच्या टक्केवारीत होते. अर्थात माघार स्पर्धेच्या मध्यावर झाली तर हे लागू नाही. आधी हरलेल्यांचे गुण गेलेले असतात आणि नंतरच्यांना आयते मिळतात.

ताळा: दहाच्या गटात ४५ लढती, एकूण ९० गुण. प्रत्येक फेरीनंतर बेरीज १० ने वाढली पाहिजे. आठच्या गटात २८ लढती आणि ५६ गुण, सातच्या गटात २१ आणि ४२. बरोबरीने बेरीज बदलत नाही, माघारीच्या २ गुणांनीही नाही. बेरीज कमी भरली तर दोघांनाही शून्य मिळालेली एखादी लढत असेल, नाहीतर टंकताना चूक झाली असेल.

वर्षं एकमेकांत मिसळू नका. १९९१ चा पहिला जी वन आठ जणांचा, चार-चारचे दोन गट, अंतिम लढतीत चोनोने मुतोला हरवलं. १९९२, १९९३, १९९७ आणि १९९८ मध्ये थेट बाद पद्धत होती, गुणच नव्हते. २०२२ मध्ये २८ जण चार गटांत, २०२३ मध्ये ३२ जण चार गटांत आणि मर्यादा ३० ऐवजी २० मिनिटं. '१९९१ पासूनची विजयाची टक्केवारी' असा रकाना दिसला की समजावं, कुणीतरी आंबे आणि वांगी एकाच तराजूत घातली. स्टारडम या महिला कुस्ती कंपनीच्या फाइव्ह स्टार ग्रांप्रीसाठी हाच तक्ता वापरायचा असेल तर तिथली मर्यादा वेगळी, बरोबरी हा तिथला खराखुरा तिसरा निकाल आहे. सूत्रं पुन्हा मांडा.

आणि नावं. ईव्हिल २०१५ च्या ऑक्टोबरपर्यंत ताकाआकी वातानाबे होता, ग्रेट-ओ-खान आधी तोमोयुकी ओका. जुन्या नावावरचे पराभव शिकाऊ काळातले, आणि शिकाऊ पोरं ज्येष्ठांकडून हरण्यासाठीच उतरवली जातात. केजमॅचसारख्या संकेतस्थळावरच्या यादीत सगळं एकाच पानावर मिळतं, म्हणून हाताने रेघ मारा. ओकादासाठी ती रेघ जानेवारी २०१२.

---

आकडेबहाद्दर

फारच उपयोगी. एलो आणि तीन वर्षांची टक्केवारी उडवली. एका जुन्या लढतीवर नमुना लिहून बघितला. १० ऑगस्ट २०१८, बुदोकान, अ गटाचा शेवटचा दिवस. निकाल माहीत नाही असं धरून लिहिलं आहे:

'तानाहाशी १४ गुण, ओकादा १२. तानाहाशीला बरोबरीही पुरते, ओकादाला विजयच हवा. जिंकला तर दोघेही १४ वर आणि आमनेसामनेच्या निकषावर ओकादा पुढे. जी वनमध्ये दोघे याआधी दोनदा भिडले, २०१३ आणि २०१६. दोन्ही वेळा ३० मिनिटं संपून बरोबरी. मे महिन्यात फुकुओकात ओकादाने पट्टा राखताना तानाहाशीला हरवलं, पण ती मर्यादा ६० मिनिटांची होती. मेन इव्हेंट आहे, मर्यादा गाठली जाण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त.'

कसं वाटतंय?

---

कुंपणावरचा

नमुना चांगला आहे, पण त्यात जे व्हाइट कुठे आहे? त्या सकाळी तोही १२ वर होता आणि त्याची ईव्हिलविरुद्धची लढत मेन इव्हेंटच्या आधी होती. शिवाय त्याने त्याच स्पर्धेत ओकादा आणि तानाहाशी दोघांनाही हरवलेलं. म्हणजे व्हाइट जिंकला असता आणि ओकादानेही तानाहाशीला पाडलं असतं, तर तिघेही १४ वर आले असते आणि गट व्हाइटचा झाला असता. 'ओकादा जिंकला तर ओकादा पुढे' हे तुमचं वाक्य व्हाइट जिंकला नाही तरच खरं. तो हरला, पण प्रीव्ह्यू लिहिताना ते कुठे माहीत होतं?

शेवटच्या दोन दिवसांच्या प्रीव्ह्यूत आधी शक्यतांची चौकट मांडावी, आमनेसामने नंतर. पद्धत सोपी आहे. उरलेल्या लढती लिहा, त्यातून जिंकूनही पहिल्या क्रमांकाला पोचू न शकणारे खोडा, आणि उरलेल्यांच्या निकालांच्या जोड्या पाडा. दोन लढती असल्या तर बरोबरी धरून ३ गुणिले ३, नऊच शक्यता. त्यातल्या बऱ्याच एकसारख्या असतात. वरच्या उदाहरणात नऊचं सार तीन वाक्यांत येतं: मेन इव्हेंट तानाहाशीने जिंकला किंवा बरोबरीत सोडवला तर तानाहाशी, ओकादा जिंकला आणि व्हाइट जिंकला नाही तर ओकादा, दोघेही जिंकले तर व्हाइट.

तीनदा ३० मिनिटांची बरोबरी (२०१३, २०१६, आणि हीच २०१८ ची, गुण १५ आणि १३) याला 'हे दोघे जी वनमध्ये बरोबरीच करतात' असं लेबल लावू नका. २०१९ मध्ये डॅलसला स्पर्धेच्या पहिल्याच दिवशी ओकादाने तानाहाशीला सरळ हरवलं. फरक दिवसाचा आहे. बरोबरीने कुणाचं तरी काम होत असेल तेव्हा ती येते. २०१६ मध्ये गटाच्या शेवटच्या दिवशी दोघांच्या बरोबरीने गोतोला अंतिम लढत मिळाली, २०१८ मध्ये तानाहाशीला. पहिल्या दिवशी बरोबरीने कुणाचंच काही घडत नाही.

---

वीसची_मोजणी

हे राहिलंच होतं. एक पुस्ती: 'बरोबरी पुरते' हा फायदा दिसतो, पण प्रीव्ह्यूत तो दावेदारीचा आकडा म्हणून मांडू नका. १२ ऑगस्ट २०१७ ला ओकादा १३ वर होता, ओमेगा १२ वर. ओकादाला बरोबरी पुरत होती, दोनच महिन्यांपूर्वीची लढत बरोबरीत सुटलेली, तरी ओमेगा जिंकून १४ वर गेला. ज्याला विजयच हवा तो शेवटच्या मेन इव्हेंटमध्ये किती वेळा जिंकला, असा एक रकाना उघडा. वर्षाला फार तर दोन-चार नोंदी मिळतील, म्हणून टक्केवारी नको, नुसते आकडे छापा.

---

आकडेबहाद्दर

व्हाइट सुटला हे खरंच. चौकट आधी, आमनेसामने नंतर, असा क्रम लावतोय. तिघे समान गुणांवर आले आणि आपसात गोल फिरले, म्हणजे 'क'ने 'ख'ला, 'ख'ने 'ग'ला, 'ग'ने 'क'ला हरवलं, तर काय लिहायचं?

---

काता_एबी

त्या वर्षीच्या नियमपत्रकात जे असेल ते, शब्दशः. अंदाजाने नको, नियम स्पर्धेगणिक आणि वर्षागणिक बदलतात. तक्त्यात स्पर्धेच्या नावाशेजारी चार गोष्टी कायम ठेवा: मर्यादा, गटातून किती जण पुढे जातात, समान गुण झाल्यास काय, दोघेही बाद झाल्यास काय. पहिली लढत लिहायच्या आधी हे चार चौकोन भरलेले हवेत.