मदत हवी आहे: जलप्रलयामागे परमेश्वराचा हेतू कोणता?

अबोली: बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकात ६:५ (अध्याय ६, वचन ५) मध्ये माणसाच्या मनातील विचार सदैव वाईट असतात, हे प्रलयाचे कारण दिले आहे, पाणी ओसरून तारवात (जहाजात) वाचलेल्या नोहाने होमार्पण केल्यावर ८:२१ मध्ये जवळजवळ तेच वाक्य पुन्हा येते, पण आता पुन्हा संहार न करण्याचे कारण म्हणून. मग प्रलयाने साधले काय? रविवारच्या आत उत्तर हवे आहे.

सुहास: कोणासमोर बोलायचे आहे? श्रद्धेच्या चौकटीतले उत्तर हवे, की ग्रंथचिकित्सेतले?

गाळपेर: मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) ऊर आणि शुरुप्पक या प्राचीन शहरांच्या उत्खननांत पुराच्या गाळाचे थर सापडले आहेत, मात्र ते एकाच काळातील नाहीत, त्यामुळे ते एकाच जगबुडीचा पुरावा ठरत नाहीत.

अबोली: प्रलय घडला का, हे मी विचारलेलेच नाही. मंडळीच्या (चर्चच्या) युवक गटात एका मुलीने विचारले की तान्ह्या मुलांचा अपराध कोणता, आणि तिथेच चर्चा अडली.

सुहास: मग ६:११ पासून वाचा. पृथ्वी जुलमाने भरली होती, म्हणजे माणसानेच ती आधी नासवली होती. पहिल्या अध्यायात अंतराळ करून विभागलेले वरचे आणि खालचे पाणी ७:११ मध्ये पुन्हा एक होते. हा सूड नसून निर्मिती उलटी फिरवणे आहे.

मृण्मयी: हे वर्णन झाले, हेतू नव्हे. मेसोपोटेमियातील अत्राहासिसच्या कथेत माणसांच्या गोंगाटाने एन्लिलची झोप उडते म्हणून तो पूर आणतो, आणि एआ हा दुसरा देव एका माणसाला वाचवतो. उत्पत्तीमध्ये बुडवणारा आणि वाचवणारा एकच आहे. तारवाचे दारही ७:१६ मध्ये तोच बंद करतो. तुमची अडचण तिथून सुरू होते.

सुहास: युवक गटाला एन्लिल कशाला? ६:६ मध्ये परमेश्वर रागावत नाही, दुःखी होतो. बदल माणसात नव्हे, परमेश्वराच्या निर्धारात होतो, आणि नवव्या अध्यायातील, पुन्हा प्रलय न आणण्याच्या इंद्रधनुष्याच्या करारात माणसाच्या चांगुलपणाची अट नाही.

मृण्मयी: म्हणजे परमेश्वर पस्तावतो? बायबलमधीलच १ शमुवेल या पुस्तकातले १५:२९ ते नाकारते, तर त्याच अध्यायाच्या ११व्या आणि ३५व्या वचनांत तो शौल राजाबद्दल पस्तावतो.

अबोली: करार मी घेईन. पण तान्ह्या मुलांचे काय?

मृण्मयी: ७:२१ ते २३ मध्ये मेलेल्यांची यादी आहे, त्यांचे समर्थन नाही. त्या मुलीला ही वचने मोठ्याने वाचू द्या आणि तिचा प्रश्न खोडून काढू नका.