मदत हवी आहे: आमवातासाठी स्वतः घ्यायचे इंजेक्शन आणि पथ्याहार यांचा मेळ कसा घालावा?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

सर्व सदस्यांना नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. माझे वय ४४ आहे आणि गेली साडेतीन वर्षे मला आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे. आपल्याकडे गुडघे झिजल्यामुळे होणाऱ्या दुखण्यालाही संधिवातच म्हणतात आणि त्यावरची तेले नि लेप मला अनेकांनी सुचवून झाले आहेत. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करते की माझा आजार झिजेचा नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतील अस्तरावर उलटते, तो हा आजार आहे. दोन्ही हातांची मनगटे आणि बोटांची पेरे एकाच वेळी सुजत होती आणि सकाळी दीड-दोन तास मूठ मिटत नव्हती. अँटी-सीसीपी, म्हणजे या आजाराची खूण दाखवणारी रक्ततपासणी, ठळकपणे पॉझिटिव्ह आल्यावर निदान झाले.

प्रथम मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदा १५ मिलिग्रॅम, मग २० मिलिग्रॅम, अशा सुरू झाल्या. गुण आला, परंतु गोळ्या घेतल्यानंतरचा अख्खा दिवस मळमळीत जाई. पुढे पुढे तर त्या पिवळ्या गोळ्या नुसत्या दिसल्या तरी पोटात ढवळू लागे. तेव्हा संधिवाततज्ज्ञांनी तेच औषध त्वचेखालील इंजेक्शनाने घ्यायला सांगितले. आरंभी माझे यजमान टोचत असत. नंतर मी स्वतः शिकले. शनिवारी रात्री इंजेक्शन, रविवारी विश्रांती, सोमवारी फॉलिक ॲसिडची गोळी, असा क्रम दीड वर्ष बसला होता. मळमळ पुष्कळ कमी झाली, सीआरपी (रक्तातील दाहाचे माप) ६ पर्यंत उतरला आणि मी पुन्हा फळ्यावर लिहू लागले.

तरीही गेल्या दिवाळीत मी इंजेक्शन बंद केले. त्याचे कारण प्रामाणिकपणे सांगते. घरात सर्वांच्या मनात एकच गोष्ट घर करून होती की हे कर्करोगाचे औषध आहे आणि ते जन्मभर कसे घ्यायचे. त्यातच नात्यातील एकांनी आहारोपचार करणाऱ्या एका गृहस्थांकडे नेले. औषध सुटल्याखेरीज आहाराचा गुण दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गहू, दूध, दही, मुगाखेरीज सर्व डाळी, वांगे, टोमॅटो, बटाटा आणि आंबट पदार्थ त्यांनी वर्ज्य केले. ज्वारीची भाकरी, दुधी, पडवळ, मुगाचे कढण, सुंठीचे पाणी आणि सूर्यास्तानंतर काही न खाणे एवढेच राहिले. माझ्या सासूबाईंनी हे सारे पथ्य अडीच महिने स्वतःच्या हाताने सांभाळले. माझ्यासाठी वेगळी भाकरी थापून त्या शाळेच्या वेळेआधी डबा भरून ठेवत. त्यांच्या मायेला मी कधीही विसरणार नाही, आणि हा प्रश्न माझ्यासाठी अवघड होण्याचे तेही एक कारण आहे.

पहिले पाच-सहा आठवडे मला खरोखर बरे वाटले. वजन चार किलो उतरले, अंग हलके झाले, झोप लागू लागली. मग हळूहळू सकाळचे आखडणे परतले आणि संक्रांतीला तिळगुळाचे लाडू वळताना हात मिटेनासे झाले. पाक गरम असतानाच लाडू वळावे लागतात. मी दोन वळले आणि परात सासूबाईंकडे सरकवली. त्या आठवड्यात केलेल्या तपासणीत सीआरपी ३८ निघाला, हिमोग्लोबिन ९ च्या खाली होते, आणि मनगटाच्या क्ष-किरण चित्रात हाडाच्या कडेला दोन जागी कुरतडल्यासारखे खळगे दिसले. आधीच्या चित्रात ते नव्हते.

आता पाच आठवड्यांपासून मी २० मिलिग्रॅमचे इंजेक्शन पुन्हा सुरू केले आहे. डॉक्टरांचे म्हणणे असे की आणखी दोन महिन्यांत सूज पुरेशी उतरली नाही, तर अडॅलिमुमॅब नावाचे दुसरे इंजेक्शन, दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम, याच्या जोडीला सुरू करावे लागेल. ते ऐकून घरात पुन्हा आहाराचा विषय निघाला आहे. सासूबाईंना वाटते की आपले पथ्यच कुठेतरी कमी पडले.

मला हे विचारायचे आहे. अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असलेला आमवात केवळ आहाराने काबूत राहिल्याचा, आणि तोही तपासण्यांच्या कागदांवर दिसेल असा, अनुभव कोणाला आहे का? औषध चालू ठेवून आहारात नेमके काय पाळावे? दुसऱ्या इंजेक्शनाची भीती वाटते, त्यातही विशेष करून अशासाठी की माझ्या सासऱ्यांना बारा वर्षांपूर्वी क्षयरोग झाला होता आणि त्यांची शुश्रूषा मीच केली होती. हे मी डॉक्टरांना अद्याप सांगितलेले नाही. ते सांगणे आवश्यक आहे का?

रानजाई

ताई, तुमचा धागा वाचताना माझी पहिली तीन वर्षे डोळ्यांसमोर आली. मला हा आजार होऊन अकरा वर्षे झाली. पुण्यात राहते, आणि इंजेक्शन सात वर्षांपासून स्वतः घेते.

तुम्ही लिहिलेल्या एका गोष्टीकडे मी लक्ष वेधू इच्छिते. मेथोट्रेक्सेटचा असर सुरू व्हायला जसे सहा ते बारा आठवडे लागतात, तसा तो बंद केल्यावर ओसरायलाही काही आठवडे लागतात. दिवाळीनंतरचे जे पाच-सहा आठवडे तुम्हाला बरे वाटले, त्यांत दीड वर्षाच्या औषधाचा शिल्लक असर होता. आहार आणि औषध दोन्ही त्या काळात शरीरात होते, पण श्रेय मात्र एकट्या आहाराला मिळाले. नंतर औषध संपले, आहार तसाच कडक राहिला, आणि तरीही सीआरपी ३८ झाला. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच कागदांवर आहे. हे सासूबाईंना याच क्रमाने, तारखा मांडून दाखवा. त्यांचे पथ्य कमी पडले नाही. जे काम पथ्याच्या आवाक्यातले नव्हते ते त्याच्यावर सोपवले गेले.

आहाराने काहीच होत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. नॉर्वेमध्ये या विषयावर एक प्रयोग झाला होता आणि तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांच्या एका गटाला आठवडाभराहून थोडा अधिक काळ उपवास, मग काही महिने ग्लूटेनविरहित व दुधाविनाचे शाकाहारी जेवण आणि पुढे दुधासह शाकाहार दिला. एक वर्षानंतरही त्या गटाला दुखणे, सूज आणि आखडणे यांत फायदा दिसला. परंतु दोन्ही गट मिळून रुग्ण ५३ च होते, आणि आपण काय खातो हे ज्याचे त्याला माहीत असल्याने अशा प्रयोगात मनाचा वाटा वेगळा काढता येत नाही. उपवासात सांधे हलके वाटतात हा माझाही चातुर्मासातला अनुभव आहे. जेवण पूर्ववत झाले की तो हलकेपणा जातो.

मी स्वतः वजन उतरवले, तळण कमी केले आणि आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खाते, कारण माशांतील ओमेगा-३ स्निग्धांशाचा सांध्यांच्या दुखण्यावर थोडाफार उपयोग दिसलेला आहे. तुम्ही शाकाहारी असाल तर जवसाची चटणी जरूर खा, मात्र जवसातील ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीरात त्याचे माशांतल्यासारखे रूपांतर फार थोडे होते. डाळी आणि दूध तर आजच सुरू करा. या आजारात हाडे तशीही ठिसूळ होत जातात, त्यात रजोनिवृत्तीचे वय जवळ येत आहे, आणि तुमचे हिमोग्लोबिन ९ च्या खाली आहे. त्याला आजारही कारणीभूत असू शकतो, म्हणून लोहाची तपासणी वेगळी करून घ्या. वांगे-टोमॅटोबद्दल एवढेच म्हणेन की ते खाऊन तुम्हाला प्रत्येक वेळी त्रास होत असेल तर टाळा, नसेल तर खा.

इंजेक्शनाबाबत अनुभवाने शिकलेले थोडे. बेंबीपासून चार बोटे सोडून, दर आठवड्याला जागा बदलून टोचावे, आणि परकराची नाडी जिथे काचते ती जागा टाळावी. तिथे गाठ आली तर दिवसभर बोचत राहते. औषध बाटलीतून काढत असाल तर तिच्यावरची तीव्रता दर वेळी वाचा. औषधाच्या दुकानातून एकदा मला नेहमीपेक्षा दुप्पट तीव्रतेची बाटली आली होती आणि ती मी केवळ लेबल वाचल्यामुळे परत केली. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतते, म्हणून माझ्या दिनदर्शिकेवर शनिवारी खूण केल्याशिवाय मी सुई उघडत नाही. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात साठवून रुग्णालयात द्याव्यात. घंटागाडीत टाकू नयेत.

औदुंबर

रानजाई यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, पण आहाराची बाजू थोडी अधिक मांडावीशी वाटते. मी नाशिकचा. नऊ वर्षांपासून वैद्यांचे पथ्य आणि मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅमच्या गोळ्या दोन्ही घेतो, आणि वैद्य व डॉक्टर दोघांकडेही एकमेकांचे कागद असतात. शिळे, जड आणि रात्री उशिराचे जेवण टाळल्याने माझे सकाळचे आखडणे निश्चितपणे कमी झाले आहे.

कोइमतूर येथे एक छोटा अभ्यास झाला होता, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. ४३ रुग्णांना तीन गटांत शास्त्रोक्त आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट किंवा दोन्ही एकत्र, असे ३६ आठवडे दिले गेले, आणि कोणाला काय मिळते हे रुग्ण व तपासणारे दोघांनाही कळू नये म्हणून खोट्या गोळ्यांचीही योजना होती. तिन्ही गटांना जवळपास सारखा गुण आला. मला हा अभ्यास मोलाचा वाटतो. तो प्राथमिक स्वरूपाचा होता आणि त्यात प्रशिक्षित वैद्यांनी प्रत्येक रुग्णासाठी औषधे निवडली होती, हेही तितकेच खरे. तुम्हाला जे मिळाले ते यांपैकी काहीच नव्हते, ती केवळ वर्ज्य पदार्थांची यादी होती. माझ्या वैद्यांनी मला चालू औषध सोडायला एकदाही सांगितलेले नाही. जो सोडायला सांगतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, आणि बिननावाची पुडी तर कोणाकडूनही घेऊ नये. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड सापडल्याची उदाहरणे आहेत.

सह्यकडा

मी निवृत्त फिजिशियन आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी देतो: होय, सासऱ्यांच्या क्षयरोगाबद्दल डॉक्टरांना अवश्य सांगा, आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता सांगा.

त्याचे कारण असे. अडॅलिमुमॅब हे टीएनएफ नावाच्या प्रथिनाला अडवते. सांध्यांतील दाह पेटता ठेवणारे हेच प्रथिन शरीरात सुप्तावस्थेत राहिलेल्या क्षयाच्या जंतूंभोवतीची भिंतही टिकवून धरते. ती भिंत सैल झाली तर सुप्त क्षय जागा होऊ शकतो. म्हणून हे इंजेक्शन देण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र आणि सुप्त क्षय शोधण्यासाठी त्वचेवरची मांटू किंवा रक्तातील इग्रा तपासणी करतात. सुप्त संसर्ग आढळला तर प्रतिबंधक औषधे सुरू करून साधारण महिनाभराने इंजेक्शन देता येते. म्हणजे घरातील तो इतिहास हा उपचाराचा मार्ग बंद करत नाही, तपासणी अधिक काळजीपूर्वक करायला लावतो. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्याही तपासण्या होतील. कोणत्या लसी आधी घ्याव्यात हे विचारून घ्या, कारण नंतर जिवंत जंतूंच्या लसी घेता येत नाहीत. पुढे कधीही ताप आला किंवा जखम चिघळली तर त्या वेळचे इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

खर्चाबद्दल तुम्ही लिहिले नाही, पण तो प्रश्न येईल. या औषधाची भारतात तयार झालेली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी अगदी मिळतीजुळती, आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आली आणि आता एकाहून अधिक कंपन्यांची उपलब्ध आहे. मूळ औषधापेक्षा ती बरीच स्वस्त पडते. ती २ ते ८ अंशांत, शीतकपाटात ठेवावी लागते, पण बर्फाच्या कप्प्यात मुळीच नाही. टोचण्यापूर्वी पंधरा ते तीस मिनिटे बाहेर काढून ठेवली की झोंबत नाही.

कर्करोगाच्या औषधाच्या भीतीबद्दलही दोन वाक्ये लिहितो, कारण हीच भीती रुग्णांना औषधापासून दूर नेते. मेथोट्रेक्सेट मुळात कर्करोगासाठीच तयार झाले. आपल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली १९४०च्या दशकात अमेरिकेत ते संशोधन झाले. आमवातासाठी अमेरिकेत त्याला १९८८ साली मान्यता मिळाली, आणि त्यासाठीची आठवड्याची मात्रा कर्करोगातील मोठ्या मात्रांच्या तुलनेत फारच लहान असते. यकृत आणि रक्तपेशींच्या नियमित तपासण्या मात्र चुकवू नयेत.

अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली आहाराबद्दल सूचना दिल्या. भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खे धान्य, मासे आणि चांगले तेल असलेल्या भूमध्यसागरी पद्धतीच्या जेवणाची त्यांनी सौम्य शिफारस केली आहे, तीही औषधांच्या जोडीला. अन्य कोणत्याही विशिष्ट पथ्याची शिफारस केलेली नाही. मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, ज्वारीची भाकरी आणि मूठभर शेंगदाणे या जेवणापासून फार दूर नाहीत.

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानते.

रानजाईताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल रात्री मी एका कागदावर तारखा मांडल्या: शेवटचे इंजेक्शन, आहाराचा पहिला दिवस, बरे वाटलेले आठवडे, आखडणे परतले तो दिवस आणि संक्रांत. सासूबाईंनी तो कागद दोनदा वाचला. मग त्यांनी विचारले की डाळ आणि दूध चालणार असेल तर उद्यापासून आमटी करू का. आज डब्यात आमटी होती.

सासऱ्यांच्या आजाराबद्दल सकाळीच डॉक्टरांच्या सहायकांना दूरध्वनीवरून सांगितले. येत्या मंगळवारी छातीचे चित्र आणि इग्राचे रक्त द्यायचे आहे, त्यासोबत लोहाचीही तपासणी होईल. एक शंका उरली आहे. आमच्या गावात उन्हाळ्यात पाच-सहा तास वीज जाते. शीतकपाट न उघडता ठेवले तर एवढा वेळ अडॅलिमुमॅब सुरक्षित राहील का, की बर्फाच्या पिशव्यांचा वेगळा डबा आतापासूनच करून ठेवावा? ज्यांनी ग्रामीण भागात हे इंजेक्शन सांभाळले आहे त्यांनी कृपया लिहावे.