पेशी १६००, मोतीबिंदू कडक: फेको की एसआयसीएस?

थोरली लेक:
आईचं वय ७६. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू इतका पिकलाय की डॉक्टरांनी टॉर्च मारला तेव्हा मलासुद्धा तो तपकिरी दिसला. स्पेक्युलर तपासणीत, म्हणजे कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या पेशी मोजतात त्यात, दर चौरस मिलिमीटरला पेशी १६००च आल्या, शेजारी ‘गुटाटा’ (त्याच्या आतल्या बाजूचे बारीक उंचवटे) असा शेरा. डॉक्टर म्हणतात, फेको (अल्ट्रासाउंडनं मोतीबिंदू आतच फोडून ओढून घेणं) नको, एसआयसीएस (थोडी मोठी चीर घेऊन त्याचा गाभा हातानं अख्खा काढणं) करू. भाऊ हटून बसलाय: फेकोची चीर अडीच मिलिमीटर, हिची सहा-सात, मग मुद्दाम मोठी जखम कशाला? मला त्याचं पटतंही आणि नाहीही. आणखी एक, आईला सकाळी धुरकट दिसतं, दुपारपर्यंत निवळतं. मोतीबिंदूत असं होतं का?

ओटीतला:
मी डोळ्यांच्या ऑपरेशनला असिस्ट करतो. तुमची शेवटची ओळ आधी घेतो. सकाळी धुरकट, दुपारी स्वच्छ, हा प्रकार मोतीबिंदूचा नाही, कॉर्नियाचा. त्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशी सतत पाणी उपसत असतात. रात्रभर पापणी मिटलेली, वरून काही सुकत नाही. पंप कमजोर असला की सकाळी सूज. या पेशी मेल्या की नव्या येत नाहीत, उरलेल्या पसरून जागा भरतात. डॉक्टरांना हे सांगितलंय? नसेल तर आजच सांगा आणि कॉर्नियाची जाडी मोजून घ्या, सकाळी एकदा, दुपारी एकदा.

भावाबद्दल: तो बाहेरून मोजतोय. पेशींचं नुकसान आत होतं. कडक गाभा फोडायला अल्ट्रासाउंड जास्त वेळ चालवावं लागतं, पाणी घुसळतं, तुकडे अस्तरावर आपटतात. एसआयसीएसमध्ये गाभा अख्खा बाहेर येतो. पण तो पुढच्या कप्प्यातून ओढताना कॉर्नियाला घासला, तर वाचवलेलं सगळं तिथेच गेलं. म्हणून गाभा कसा काढणार ते विचारा. कोणी पाण्याच्या दाबानं बाहेर ढकलतं, कोणी वेक्टिस (चमच्यासारखं हत्यार) वापरतं, कोणी वाकवलेल्या सुईचा हूक, कोणी दोन हत्यारांत सँडविचसारखा धरतं. सँडविचमध्ये वरचं हत्यार कॉर्नियाच्या अगदी जवळ येतं, तिथे व्हिस्कोची (कॉर्नियाला जपणाऱ्या जेलची) कंजुषी चालत नाही. माझ्या मते हातखंडा असलेली पद्धत सगळ्यात चांगली.

उगाच शंका:
एसआयसीएस म्हणजे मशीन नसेल तिथला पर्याय. आता फेकोच करतात.

ओटीतला:
मऊ मोतीबिंदूला मीही फेकोच म्हणेन. पण नेपाळमध्ये पिकलेल्या मोतीबिंदूंवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली, २००७ मध्ये छापून आली. सहा महिन्यांनी दृष्टी दोन्हीकडे सारखीच चांगली, आणि पहिल्या दिवशीची कॉर्नियाची सूज फेकोत जास्त.

जाड भिंग:
माझा डावा फेकोचा, उजवा एसआयसीएसचा. सुजेत मला फरक जाणवला नाही, नंबरात जाणवला. उजव्याला चीर वरून घेतली होती. त्यामुळे उभी वक्रता सपाट पडते म्हणे, आणि म्हाताऱ्या डोळ्यात बहुधा तीच आधीपासून कमी असते. चष्म्याचा सिलिंडर नंबर (उभी-आडवी वक्रता सारखी नसल्याचा) दीडनं वाढला. चीर कानशिलाच्या बाजूनं घेता येईल का, विचारून बघा.

थोरली लेक:
जाऊन आलो. जाडी सकाळी नऊला ६३०, दुपारी तीनला ५९० मायक्रॉन, म्हणजे सकाळची सूज खरीच. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि आईशीच बोलले: ‘ऑपरेशननंतर कॉर्निया निवळायला वेळ लागेल, कदाचित निवळणारही नाही, मग त्याचा आतला थर बदलावा लागेल.’ आई म्हणाली, ‘ते नंतरचं नंतर. आधी हे काढा.’ एसआयसीएस ठरलं. गाभा हूकनं काढतात म्हणाले. भावाला मी सगळं वाचून दाखवलं. आता तो चीर वरून की कानशिलाकडून यावर हटून बसलाय.