अनुभव धागा : घर कुठे सरकलं, काम कुठे सरकलं?

मुंबई पसरली असं आपण सहज म्हणून जातो. जनगणना पाहिली तर चित्र वेगळं दिसतं. २००१ ते २०११ मध्ये बेटावरच्या शहराची (कुलाबा ते माहीम-शीव) वस्ती सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली, आणि तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून ११० लाखांवर गेली. मध्य ओसरत होता, कडा भरत होत्या. घरं आधी गेली, कामं मागून गेली, आणि दोन्ही एकाच दिशेला गेली नाहीत. तुमच्या घरातल्या पिढ्या कुठे राहिल्या आणि कुठे कामाला गेल्या, ते लिहा. स्टेशनांची नावं हवीतच. जागेचे भाव नकोत, त्यावर पुष्कळ बोलून झालंय.

लालबाग, मग डोंबिवली
आजोबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. भोंगा झाला की चाळीतून निघायचे आणि चालत गिरणीत. १९८२ च्या संपानंतर त्यांना परत घेतलं नाही. पुढे खोली पागडीवर देऊन बाबांनी डोंबिवलीला वन रूम किचन घेतलं. नोकरी मात्र फोर्टातच राहिली, म्हणजे सगळा जन्म फास्ट गाडीत उभ्याने. मी ऐरोलीला आयटीत आहे. ठाण्याला उतरायचं आणि नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मकडे धावायचं. २००४ ला ठाणे-वाशी लोकल सुरू झाली नसती तर ही नोकरी मी धरलीच नसती. जिथे पूर्वी कारखाने होते त्या पट्ट्यात आता आमच्यासारखी ऑफिसं आहेत.

लालबाग-परळला उलटं झालं. गिरणी कामगार आसपासच राहायचा, चालत यायचा. त्याच जमिनींवर ऑफिसांचे टॉवर उभे राहिले आणि तिथे काम करणारी माणसं विरार-कल्याणहून गाडीने येऊ लागली. जमिनीचा वापर बदलला, पण स्टेशनचा पूल तेवढाच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन (आता प्रभादेवी) स्टेशनच्या त्या पुलावर २३ माणसं चेंगरून गेली. त्याला नुसता अपघात म्हणायला मी तयार नाही.

नालासोपारा
थोडक्यात लिहिते. घर इथे, काम अंधेरीला. आमच्या डब्यातल्या निम्म्या बायका अंधेरीलाच उतरतात. चर्चगेटला मी शेवटची कधी गेले, आठवत नाही.

कोपरखैरणे
वडील माथाडी, गाव जावळीत. मशीद बंदरला कांदा-बटाट्याच्या वखारीत पाठीवर गोणी, आणि राहायला गावकीची खोली. एका खोलीत पंधरा-वीस गडी पाळीपाळीने झोपायचे. बायकापोरं गावाला. मग बाजार नवी मुंबईत तुर्भ्याला हलवला. सुरुवातीला सगळ्यांनी शिव्या घातल्या, खाडीपलीकडे कोण जाणार म्हणून. पण मागून माथाड्यांसाठी घरं झाली, आम्हाला कोपरखैरण्याला मिळालं, आणि आई आम्हाला घेऊन गावाहून आली. वडिलांबरोबर एका घरात राहणं मला तेव्हा पहिल्यांदा मिळालं. काम आणि घर जोडीने हलवलं तर काय होतं, ते मी बघितलंय.

(धागाकर्ती : हे वाचून खरंच बरं वाटलं. असं जोडीने हललेलं आणखी कोणाचं असेल तर सविस्तर लिहा.)

उरण
आमचं घर कुठेच सरकलं नाही, शहर आमच्यावर आलं. १९७० ला नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी झाली आणि ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ ला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या लढ्यात जासईच्या परिसरात ५ माणसं गोळीबारात पडली, त्यानंतर साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना आली. भूखंड मिळाले, काहींनी लगेच विकले. उरणची लोकल आली जानेवारी २०२४ ला. मामाचं गाव नवी मुंबई विमानतळाखाली गेलं, तशी १० गावं उठली.

माझा राग एकाच गोष्टीवर आहे. गावठाणाची हद्द जुन्या मापाचीच ठेवली. भाऊ वाढले, सुना आल्या, तशी पडवीला लागून खोली चढवली, मग वर मजला. ती ‘गरजेपोटीची घरं’ कागदावर वर्षानुवर्षं अनधिकृत राहिली. आता उरण-पनवेल-पेणच्या पट्ट्यात ‘तिसरी मुंबई’ हे नवं शहर आखतायत. तिथल्या गावांची हद्द पुढच्या दोन पिढ्यांचा हिशेब धरून आधी आखा, रस्ते मग.