‘मिस केरळ’ची नदीतील पकड पूर्ण थांबवावी का?

नदीकाठ:
मत्स्यालयांच्या बाजारात ‘मिस केरळ’ म्हणून विकला जाणारा सह्याद्रिया डेनिसोनी हा मासा नदीतून पकडणे पूर्णपणे थांबवावे, असे माझे ठाम मत आहे. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये केरळमधील मुंडकयम येथील नमुन्यांवरून त्याचे प्रथम वर्णन केले. वीतभरापेक्षाही लहान असलेला हा मासा पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातील मोजक्या नद्यांखेरीज जगात कोठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. त्याला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी, खडकाळ डोह आणि काठावरील झाडांची सावली लागते. तो थव्याने राहतो, त्यामुळे उन्हाळ्यात ओढे आटून डोह उरले की एका जाळ्यात संपूर्ण थवा सापडू शकतो. २००५ ते २०१२ या काळात तो आणि त्याचा जवळचा नातेवाईक सह्याद्रिया चालकुडिएन्सिस मिळून तीन लाखांहून अधिक मासे भारतातून निर्यात झाल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. केरळ सरकारने २००८ मध्ये त्याच्या पकडीवर ठरावीक महिने बंदीसह निर्बंध घातले खरे, परंतु विणीचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च असताना बंदीचे महिने बहुतांशी त्याबाहेर पडले. माशाचे जीवशास्त्र न पाहता केलेल्या नियमाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार?

घाटवाट:
आपली कळकळ योग्य आहे, पण उपाय पटत नाही. आग्नेय आशियात या माशाची पैदास मोठ्या प्रमाणावर होते. म्हणजे आपण पकड थांबवली तरी बाजार चालूच राहील, फक्त ओढ्याकाठच्या कुटुंबांची मिळकत जाईल आणि त्या पाण्यावर लक्ष ठेवण्याचे त्यांचे कारणही जाईल. ब्राझीलमध्ये रिओ निग्रोच्या काठी बार्सेलोस येथे कार्डिनल टेट्रा हे मत्स्यालयांसाठीचे छोटे मासे पकडणाऱ्यांच्या उपजीविकेमुळेच जंगल राखण्याला बळ मिळाले, हे उदाहरण आपल्यासमोर आहे. शिवाय धरणे, वाळूउपसा, मळ्यांतून वाहून येणारी कीटकनाशके आणि सुरुंग लावून केली जाणारी मासेमारी यांनी जे डोहच नष्ट होतात, तेथे जाळ्यावरील बंदी कोणाला वाचवणार? केरळमधील चालकुडी नदीवर आधीच धरणे असताना अतिरप्पिल्ली येथे १६३ मेगावॅटचा आणखी एक जलविद्युत प्रकल्प वर्षानुवर्षे रेटला गेला. खरा लढा तेथे आहे.

नदीकाठ:
रिओ निग्रोचा दाखला येथे लागू होत नाही. कार्डिनल टेट्राचे आयुष्य निसर्गात फार थोडे असते, पूर ओसरताना त्यांतील असंख्य मासे तसेही मरतात आणि पुढच्या पुरात संख्या पुन्हा भरून येते. आपला मासा लहान लहान, एकमेकांपासून तुटलेल्या नद्यांत विखुरलेला आहे. या नद्यांतील समूह जनुकीयदृष्ट्या परस्परांपासून बरेच वेगळे असल्याचेही अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे एका नदीतील समूह संपला तर शेजारच्या नदीतून तो भरून येत नाही, आणि पैदास केंद्रातील मिश्र वंशाचे मासे आणून सोडले तर उरलेले वेगळेपणही पुसले जाईल. धरणांविषयी आपले म्हणणे मी पूर्ण स्वीकारतो. मात्र ज्या समूहाचे डोह आक्रसले आहेत, त्यातून आणखी मासे उचलण्याचे समर्थन त्यावरून होत नाही, उलट ते अधिकच दुबळे ठरते. मिळकतीचा प्रश्न खरा आहे, म्हणून पैदासीचे परवाने, तळी आणि प्रशिक्षण प्रथम या कुटुंबांनाच द्यावे, तेही प्रत्येक नदीचे जनक मासे, म्हणजे पैदासीसाठी ठेवलेले नर-मादी, वेगळे ठेवण्याच्या अटीवर.

घाटवाट:
ही अट मला मान्य आहे, पण संप्रेरकांचे इंजेक्शन देऊन अंडी मिळवणे आणि पिल्ले जगवणे हे भांडवलाचे व कौशल्याचे काम आहे. ते घडेपर्यंतच्या वर्षांत या घरांनी काय करावे? तोवर विणीचा खरा हंगाम बंद ठेवून उरलेल्या महिन्यांत मर्यादित पकड चालू द्यावी, या मतावर मी कायम आहे.

काचपेटी:
मी घरी मासे पाळतो, म्हणून एक व्यावहारिक अडचण मांडतो. दुकानातील पिशवीत पोहणारा मासा तळ्यात वाढला की ओढ्यातून आला, हे ग्राहकाला पाहून कळत नाही. नदीकाठ म्हणतात तशी बंदी असो वा घाटवाट यांची मर्यादित पकड, उगमाचा दाखला पैदास केंद्रापासून निर्यातीच्या खोक्यापर्यंत माशासोबत गेला नाही, तर नदीतला मासा पैदासीचा म्हणून सहज विकला जाईल. आपल्या दोघांच्याही प्रस्तावात ही तपासणी कोण करणार, ते कृपया सांगावे.